सातच टोले

माझी सासू झेटी रॅमी ही उंच बाई होती. इतकी उंच की आमच्या लॉरेल घळीतल्या निम्म्या पुरुषांना तिच्याशी बोलताना मान वर करावी लागे. आणि मी, डेल्फिया? पिठाच्या पिंपाच्या तळाला हात पोचावा म्हणून मी आजही पायाखाली ओंडका घेते. हे आधीच सांगून ठेवते, कारण एक्कावन्न सालच्या ऑगस्टात जो घोटाळा झाला तो निम्मा माझ्या उंचीमुळे झाला. उरलेला निम्मा माझ्या आनंदामुळे झाला, आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

मी कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत वाढलेली. एप्रिलमध्ये हॉबर्टशी लग्न केलं आणि केंटकीच्या या डोंगरात राहायला आले. ऑगस्ट संपत आला, तरी सासूबाईंनी मला चुलीवर मक्याचा एक साधा रोट भाजू दिला नव्हता. भांडी घासायची, घेवडा निवडायचा, लोण्यासाठी डेरा घुसळायचा, ताकाची मडकी झऱ्यावरच्या दगडी खोलीत गार पाण्यात नेऊन ठेवायची, ही कामं माझी. पण मक्याचं पीठ आणि बिडाचे खोलगट तवे, या दोन गोष्टींना हात लावायचा नाही. तवे तीन होते. दोन लहान चुलीमागे असत आणि मोठा भिंतीवर खिळ्याला. तो सासूबाईंच्या आईचा. त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी सासूबाई खाकरत.

"खाणीवरच्या बायका रोटात साखर घालतात," त्या म्हणत. "साखर! मग तो रोट कसला, केकच म्हणा की."

खोटं कशाला बोलू, माझी आई चमचाभर घालायची.

रोज संध्याकाळी सासूबाईंचं जेवण एकच. उंच काचेच्या पेल्यात गरम रोट दोन्ही हातांनी चुरायचा, वरून झऱ्यातलं गारेगार ताक ओतायचं आणि ओसरीवर बसून चमच्याने खायचं. खाताना त्या डोळे मिटत. त्या वेळी परसात अस्वल आलं असतं तरी त्यांनी आधी पेला संपवला असता. मी दारात उभी राहून ते बघायची आणि माझ्या मनात एकच यायचं, की त्या पेल्यात एक दिवस माझ्या हातचा रोट पडला पाहिजे. कुणाला हसू येईल. पण ज्या घरात तुमच्या हातचं कुणी खात नाही, त्या घरात तुम्ही पाहुणीच असता, मग लग्नाचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं का असेना.

माझ्या मदतीला शेवटी कबरी गाय धावून आली. कापलेला तंबाखू कोठारात सुकायला टांगण्याच्या आदल्या संध्याकाळी धार काढताना तिने लाथ झाडली आणि सासूबाईंचं उजवं मनगट मोडलं. हॉबर्टने फळीचा तुकडा लावून हात बांधला, वर व्हिनेगरमध्ये भिजवलेला खाकी कागद गुंडाळला. सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बारा माणसं जेवायला होती, त्याचं काय?

आमच्याकडे तंबाखूचं काम सावडीने चालतं. आज सगळे आमच्या शेतावर, परवा आम्ही सगळे शेजारच्या बर्लकाकांच्या शेतावर. मजुरी कुणी कुणाला देत नाही. दुपारचं जेवण मात्र द्यायचं, आणि ते असं द्यायचं की पुढचं वर्षभर माणसांनी नाव काढावं. वाईट जेवण दिलेल्या घराचंही वर्षभर नाव निघतं.

"व्हेस्टाला बोलावतो," हॉबर्ट म्हणाला. व्हेस्टा म्हणजे टेकडीपलीकडची आमची शेजारीण. तिच्या हाताला चव होती आणि ते सगळ्यात जास्त तिला स्वतःला माहीत होतं.

सासूबाईंनी चुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्याचा दिवस तू कर. जमलं तर जमलं. नाही जमलं तर आपल्या वरच्या शेताच्या जेवणाला व्हेस्टा येईल आणि मनगट बरं होईपर्यंत चूल तीच बघेल."

मनगट बरं व्हायला सहा आठवडे. सहा आठवडे व्हेस्टाच्या हाताखाली भांडी! मी म्हटलं, "जमेल, आई."

"लहान तवे घे. मोठ्याला हात लावू नकोस."

त्या रात्री मला कसली झोप येते! तांबडं फुटायच्या आत मी चूल पेटवली. रात्रभर भिजलेला ठिपक्याठिपक्यांचा घेवडा डुकराच्या खारवलेल्या हाडाबरोबर मोठ्या भांड्यात रटरटायला लावला. तीन कोंबड्या कापल्या, साफ केल्या, पिठात घोळवून तळायला घेतल्या. आंबट सफरचंदांच्या फोडी चरबीत परतल्या, टोमॅटो चिरले, कांद्याच्या जाड चकत्या केल्या, तळघरातून कोबीच्या लोणच्याची बरणी आणली. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या होत्या, बांधलेला हात मांडीवर ठेवून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

"कोंबडी उलट."

"उलटतेय."

"घेवड्याला उकळी मोठी झाली. लाकूड मागे ओढ."

"ओढलं."

"चरबी धुरावल्याशिवाय पीठ ओतशील तर बघ."

रोटाचं सगळं मर्म तिथेच आहे. तवा चरबीसकट चुलीच्या पोटातल्या भट्टीत तापवायचा, इतका की चरबीतून निळा धूर निघाला पाहिजे. मग ताकात कालवलेलं पांढऱ्या मक्याचं पीठ त्यात ओतायचं. चर्रर्र असा आवाज आला तर रोट खालून खरपूस होतो आणि अख्खा सुटतो. आवाज आला नाही तर तो तव्याला धरून बसतो, सासू सुनेला धरून बसते तसा. मी पीठ कालवलं. साखरेचा डबा हाताशीच होता. माझा हात सवयीने त्याच्यावर गेलासुद्धा. मी तो डबा उचलून फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ढकलला, तोही ओंडक्यावर चढून. सासूबाईंनी हे पाहिलं की नाही, ते मला कळलं नाही.

पीठ ओतलं. चर्रर्र झालं! अहाहा, काय तो आवाज! मी मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पण कान चुलीकडे होते, पैजेवर सांगते.

बाराला दहा कमी असताना पहिले दोन रोट निघाले. ताटलीवर उपडे केले तर अख्खे सुटले, वर सोनेरी, कडेला तपकिरी. घेवडा शिजून दाट झाला होता. कोंबडी कुरकुरीत झाली होती. ओसरीवर फळ्या टाकून केलेलं टेबल मांडलं होतं, ताकाच्या मडक्यावर ओलं फडकं होतं. सगळं एका वेळी तयार! ज्यांनी कधी बारा माणसांचा स्वयंपाक केलाय त्यांनाच ठाऊक, हे आयुष्यात किती वेळा घडतं ते. माझ्या अंगात वारं भरल्यासारखं झालं. मी एप्रन हाताने धरून अंगणात धावले.

"आई, मी घंटा वाजवते!"

"थांब, ती..." सासूबाई म्हणाल्या, पण मी अंगणात पोचलेसुद्धा.

आता घंटेचं सांगते. खांबावरची ती लोखंडी घंटा शेतातल्या माणसांना जेवायला बोलावण्यासाठी. तिचा दोर सासूबाईंनी स्वतःच्या उंचीने बांधलेला होता आणि त्याला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. वसाहतीत आमच्याकडे खाणीचा भोंगा होता. भोंगा जितका लांब तितका चांगला, पाळी सुटल्याचा. घंटेचे टोले मोजतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घळीत प्रत्येक घराचे टोले ठरलेले होते. बर्लकाकांचे पाच, व्हेस्टाचे नऊ, आमचे सात. सात टोले झाले की थांबायचं. थांबली नाही, वाजतच राहिली, तर ती जेवणाची घंटा नव्हे. कुठे तरी आग लागलीय किंवा कुणी तरी मेलंय, आणि ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून धावायचं.

माझा हात दोराला पोचेना. मी बादली उपडी घातली, तिच्यावर चढले, उडी मारली आणि दोर धरला. बादली सरकली. मी लोंबकळले, पाय टेकले, पुन्हा उडी मारली. घणघण, घणघण, घणघण! मला एवढं हसू येत होतं! घंटा म्हणत होती डेल्फियाने रोट भाजला, डेल्फियाने रोट भाजला, आणि ते अख्ख्या घळीला कळावं असं मला वाटत होतं. सासूबाई ओसरीवर येऊन डावा हात हलवत काही तरी ओरडत होत्या. मला वाटलं, त्याही खूश आहेत. मीही हात हलवला आणि आणखी वाजवली. तीस, चाळीस टोले तरी झाले असतील.

पहिला धावत आला हॉबर्ट. शेताचं कुंपण त्याने उडी मारून ओलांडलं, चेहरा पांढराफटक. मागे अकरा माणसं, कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात तंबाखू ओवायची काठी.

"आई कुठाय?" तो ओरडला. "डेल्फिया, आईला काय झालं?"

"काही नाही रे, जेवण तयार झालंय!" मी म्हटलं.

त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो अंगणात बसकण मारून बसला. बर्लकाका धापा टाकत आले. साठीचा माणूस, पोट सुटलेलं.

"पोरी," ते म्हणाले, "जेवणासाठी बोलावतात. जीव घेत नाहीत."

तेव्हा मला सगळं समजलं. आणि समजेपर्यंत उशीर झाला होता, कारण दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून माणसं उतरायला लागली होती. कुणी बादल्या घेऊन, कुणी फावडी घेऊन. दोघं जण एक लांब शिडी खांद्यावर घेऊन पळत येत होते आणि वळणावर ती झाडांत अडकत होती. बायकांच्या हातांत भिजवलेली पोती. पोरं, म्हातारे, कुत्री. गिरणीवाल्याने तर खेचर गाडीला जुंपून तिच्यात पाण्याचं पिंप आणलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

सगळ्यात शेवटी व्हेस्टा आली. काळी टोपी घातलेली, आणि दोन्ही हातांत फडक्याने झाकलेली रताळ्याची मोठी पाई, म्हणजे गोड सारणाची जाड पोळी.

"कोण गेलं?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या.

व्हेस्टाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच गेलीस असं वाटलं मला, झेटी. काल मनगट मोडलं म्हणून ऐकलं होतं."

"मनगटाने कुणी मरतं का?"

"मग ही पाई कशाला आणली मी? माणूस गेल्याच्या घरी रिकाम्या हाताने येत नाहीत म्हणून भट्टीतली काढून आणली. माझ्या घरी जेवायला काय आता?"

कुणी तरी खो खो हसलं. मग सगळं अंगण हसायला लागलं. मला मात्र रडू यायला लागलं होतं. मी मोजलं. अंगणात त्रेचाळीस माणसं होती. धावून आलेली, घामाघूम, आपापलं दुपारचं जेवण चुलीवर टाकून आलेली. आणि माझ्याकडे जेवण होतं बारा जणांचं. त्यांना तसंच परत पाठवणं शक्य नव्हतं. आमच्या घळीत दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत, मग तो आग विझवायला आलेला का असेना.

व्हेस्टाने पाई ओसरीच्या टेबलावर ठेवली, टोपी काढली, बाह्या सरसावल्या आणि ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मी दारातच उभी होते.

"सरक पोरी," ती म्हणाली. "तुझ्याच्याने हे व्हायचं नाही. मी बघते."

मी सरकायला लागलेही होते. माझा निकाल लागलाच होता, सहा आठवड्यांचा. आणि मागून सासूबाईंचा आवाज आला.

"ती बघतेय, व्हेस्टा."

व्हेस्टा थांबली. मीही थांबले.

"त्रेचाळीस माणसं आहेत, झेटी."

"मला मोजता येतं. तू कांदे चिर. टेबलावर सुरी आहे." मग त्या माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग होता, चांगलाच होता, नाही असं नाही. "घंटा वाजवलीस ना? मग आता जेवायला घाल. पिठाचं पिंप उघड. मोठा तवा काढ."

मला वाटलं, आपण ऐकलं ते खरं नसेल. "मोठा?"

"मग काय लहान तव्यांवर संध्याकाळपर्यंत भाजत बसणार आहेस?"

मी ओंडक्यावर चढले आणि खिळ्यावरचा तवा काढला. दोन हातांनीसुद्धा उचलेना इतका जड. आतून काळाभोर, आरशासारखा गुळगुळीत. साठ-सत्तर वर्षांची चरबी त्यात मुरलेली. मी तो भट्टीत सरकवला आणि पीठ कालवायला बसले. वाटीबिटी काही मोजली नाही. तेवढा वेळ कुणाला होता? पीठ, मीठ, सोडा, अंडी, आणि ताक, ताक, ताक. हॉबर्ट झऱ्यावरून मडकी आणत होता. दोन गाईंचं तीन दिवसांचं ताक साठलेलं होतं, कारण आदल्या दिवशीच मी मोठं घुसळण केलं होतं. ते नसतं तर माझं काही खरं नव्हतं.

पुढचा दीड तास कसा गेला ते मला विचारू नका. तीन तवे फिरत होते. एक भट्टीतून बाहेर, एक आत, एक तापतोय. चर्रर्र, ताटलीवर उपडा, आठ तुकडे, ओसरीवर! पुन्हा चर्रर्र! गिरणीवाल्याची पोरं सरपण आणून टाकत होती. माझ्या कपाळावरचा घाम पिठात पडू नये म्हणून सासूबाई उठल्या आणि डाव्या हाताने माझ्या डोक्याला फडकं गुंडाळायला लागल्या. ते काही नीट बसेना, पण त्यांनी सोडलं नाही.

घेवडा सगळ्यांना डावभर आला, कोंबडी पोरांना आणि म्हाताऱ्यांना. बाकीच्यांनी रोट आणि ताकावर ताव मारला. पेले संपले तेव्हा लोकांनी आणलेल्या बादल्याच कामाला आल्या. झऱ्यावर स्वच्छ धुऊन त्यांत ताक ओतलं, आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, टिनाचे डबे, कप, जे हाती येईल त्यात रोट चुरून माणसं अंगणभर बसून खायला लागली. एक चमचा तिघांत फिरत होता. कांद्याची चकती दाताखाली कचकचत होती. व्हेस्टाची रताळ्याची पाईही गेली. मेलं कुणीच नसल्यामुळे ती खायला कुणाला संकोच वाटला नाही.

बर्लकाकांनी चौथी बरणी रिकामी केली आणि मिशा पुसल्या. "डेल्फिया," ते म्हणाले, "पुढच्या वेळी खरंच आग लागली तर काय करशील? कारण मी काही आता धावणार नाही. आधी चमचा शोधीन."

व्हेस्टा रोटाचा तुकडा उलटापालटा करून बघत होती. तिने कड मोडली, चावली, आणि भुवया आक्रसल्या. मला ठाऊक होतं ती काय शोधतेय ते.

"साखर नाही," ती म्हणाली. जरा नाराजीनेच म्हणाली.

दोनच्या सुमारास पश्चिमेच्या कड्यावर ढग आले. काळे, ओथंबलेले. तीन दिवस कापून ठेवलेला तंबाखू शेतात काठ्यांवर उभा होता, आणि बारा माणसांना तो टांगायला संध्याकाळ झाली असती. पावसाने चिखल उडाला की पानं गेलीच. हॉबर्ट उठून आकाशाकडे बघायला लागला. तेव्हा शिडी घेऊन आलेल्या दोघांतला एक म्हणाला, "एवढं खाल्लंय तर आता हात नको हलवायला?" आणि त्रेचाळीस माणसं उठली. बायकासुद्धा. शिडीही कामाला आली. गिरणीवाल्याच्या गाडीवरून काठ्या येत होत्या, कोठारात एकाने दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याने वरच्याच्या हातात, अशा थेट आढ्यापर्यंत जात होत्या. शेवटची काठी आत गेली आणि पावसाचा पहिला थेंब पत्र्यावर वाजला. माणसांनी आरोळी ठोकली. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात उलथनं घेऊन उभी होते. मीही ओरडले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं हॉबर्ट अजून सांगतो.

पण सासूबाईंनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं. ते माझ्या ध्यानात सगळे गेल्यावर आलं. पाऊस लागून पडत होता, हॉबर्ट कोठारात होता, आणि त्या ओसरीवर आपल्या जागेवर बसल्या होत्या. मोठ्या तव्यातला शेवटचा रोट मी भट्टीच्या उबेत झाकून ठेवला होता. अजून गरम होता. मी उंच पेला घेतला, ताकाचं शेवटचं मडकं घेतलं आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. त्रेचाळीस माणसांपेक्षा या एका पेल्याची मला जास्त धास्ती होती.

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. बांधलेल्या हाताकडे पाहिलं. एका हाताने रोट चुरता येत नाही.

"चुरून दे," त्या म्हणाल्या.

मी चुरला. त्या बघत होत्या. "एवढा बारीक नको. दाताला लागला पाहिजे." मी ताक ओतलं. त्यांनी डाव्या हाताने चमचा धरला, पहिला घास तोंडात घातला, आणि डोळे मिटले. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा. पेला संपला तेव्हा त्यांनी चमच्याने तळ खरवडला, चांगला आवाज होईपर्यंत, आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

"अजून आहे का?"

मी दुसरा पेला भरला, आणि घाईत ताक थोडं सांडलं. अर्धा पेला झाल्यावर त्या म्हणाल्या, "सकाळी तुझा हात साखरेच्या डब्यावर गेला होता."

"हो, आई."

"तुझी आई घालते?"

"चमचाभर."

त्यांनी आणखी एक घास घेतला. "एकदा तसा करून दाखव," त्या म्हणाल्या. "छोट्या तव्यात. आणि व्हेस्टाला कळलं तर तुझं-माझं पटायचं नाही."

मी हसले. त्या हसल्या नाहीत, पण हसू दाबताना त्यांच्या हातातला चमचा पेल्यावर किणकिणत होता.

घंटेबद्दल त्या रात्री काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीही विषय काढला नाही, कोण काढेल? तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि वरच्या शेताचं काम लागलं. व्हेस्टाला निरोप गेला नव्हता. चूल माझी, तवे तिन्ही माझ्या हाताशी. मोठा तवा परत खिळ्यावर गेलाच नाही, तो लहान दोघांबरोबर चुलीमागे होता. बाराला पाच कमी असताना सगळं तयार झालं आणि मी ओसरीवर आले.

"आई, घंटा वाजवता ना?"

"माझा हात मोडलाय," त्या खुर्चीतून म्हणाल्या. "सात टोले. मोजून."

मी बादली घेऊन अंगणात गेले. ती उपडी घातली, तिच्यावर चढले, आणि वर पाहिलं तर दोराचं टोक मला दिसेना. मग खाली पाहिलं. दोर माझ्या नाकासमोर लोंबत होता. त्याच्या टोकाला एक लांब पट्टी बांधलेली होती, निळ्या चौकटीच्या कापडाची, सासूबाईंच्या एप्रनच्या बंदाची. गाठ वाकडीतिकडी होती, तीन-चार वेळा उलटसुलट ओढून घट्ट केलेली, एका हाताने आणि दाताने बांधतात तशी. तीही डाव्या हाताने.

मी मागे वळून पाहिलं. सासूबाई एका हाताने शेंगा निवडत होत्या, मान खाली घालून. त्यांच्या एप्रनला एकच बंद होता.

मी बादलीवरून उतरले. तो कापडी बंद दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. एक. दोन. तीन. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी मोठ्याने मोजत होते, सगळ्या घळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. सातव्या टोल्यावर थांबले. थांबणं फार जड गेलं.

टेकडीवरून बर्लकाका, गिरणीवाला आणि व्हेस्टा तरीही उतरताना दिसलेच. या वेळी बादल्या नव्हत्या. तिघांच्याही हातांत चमचे होते.